शेजारी बसवा

तिला सगळे टकटकताई म्हणत. हे नाव हॉस्पिटलच्या नोंदणी विभागाने ठेवलं होतं, कारण फोनवर बोलतानासुद्धा तिची बोटं थांबत नसत आणि पलीकडच्या माणसाला तिच्या शब्दांमागे सतत टकटक ऐकू येई. डॉक्टर पेशंटला तपासून झाले की जे निदान असेल ते भराभरा रेकॉर्ड करत. ते रेकॉर्डिंग नेटवरून तिच्या घरी येई, आणि ती हेडफोन लावून ते टाइप करून परत पाठवी. डॉक्टर लोक कसे बोलतात हे तिला विचारावं. एक जण तोंडात पेन धरून बोलायचा, एक जिना चढताचढता, आणि एका बाईंचं प्रत्येक वाक्य जांभईत संपायचं. तरी टकटकताईच्या हातून आलेल्या रिपोर्टात काना-मात्रेची चूक सापडत नसे.

तिला दिसत नव्हतं. लहानपणी आलेल्या तापात डोळे गेले ते गेलेच. कॉम्प्युटर तिला बोलून दाखवी: कुठलं बटण दाबलं, कुठली खिडकी उघडली, काय लिहिलं गेलं. त्या आवाजाच्या भरवशावर तिचा सगळा संसार चालला होता, आणि संसार म्हणजे ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण दुकानातलं टेबल, तारा जोडायला डाग द्यायची बंदूक आणि स्क्रूंनी भरलेल्या बरण्या त्यांनी घरात आणून मागच्या खोलीत मांडल्या होत्या. कुणी बिघडलेला पंखा आणून दिला की त्यांचा दिवस चांगला जाई.

कॉम्प्युटरचा तो आवाज मात्र भाषेच्या बाबतीत अगदीच अडाणी होता. चुलीतला 'च' तो चंद्रातल्या 'च'सारखा म्हणे. 'जरा थांबा' असं लिहिलेलं वाचताना तो 'जरा' असा काही उच्चारी, की म्हातारपणालाच थांबायला सांगतोय असं वाटावं. दिवसभर हे ऐकून ऐकून तिच्या कानाला घट्टे पडले होते. तेव्हा एका ओळखीच्या बाईंकडून तिला कळलं, की काही मंडळी मिळून आपल्या भाषेचा नवा, शुद्ध बोलणारा आवाज तयार करताहेत आणि त्यांना चांगल्या कानाची माणसं हवी आहेत. तिने फोन केला. पलीकडचे गृहस्थही अंध होते. त्यांना सगळे आवाजवाले सर म्हणत. त्यांनी तिला फोनवरच वीसेक शब्द ऐकवले आणि कुठला चुकला ते विचारलं. तिने चुकलेले तर सांगितलेच, शिवाय जे बरोबर होते त्यांतला एक खरं तर काठावर पास झालाय, हेही सांगितलं.

"ताई, तुम्ही आमच्यात या," सर म्हणाले. "फक्त एक अडचण आहे. आमची सगळी साधनं दुसऱ्या सिस्टीमवर चालतात. तुमच्या कॉम्प्युटरवर ती चालायची नाहीत."

"आणि माझ्या हॉस्पिटलचा प्रोग्राम तुमच्या सिस्टीमवर चालायचा नाही."

"मग दोन्ही ठेवा. एकाच कॉम्प्युटरात दोन सिस्टीम. चालू करताना विचारतो, आज कोण हवंय म्हणून."

"विचारतो म्हणजे बोलून विचारतो?"

"नाही. स्क्रीनवर दोन्हींची यादी येते, पण फार लवकर येते. तेव्हा आवाज अजून जागा झालेला नसतो."

विचार करून सांगते म्हणून तिने फोन ठेवला. ज्याला दिसतं त्याला तिची भीती कळायची नाही. काळा पडदा दिसला तरी पाहणाऱ्याला पडदा तरी असतो. तिच्यासाठी गप्प कॉम्प्युटर आणि मेलेला कॉम्प्युटर यांत काही फरक नव्हता. शिवाय हॉस्पिटलचा तो प्रोग्राम बसवून देणाऱ्या माणसाला हॉस्पिटलने केव्हाच कमी केलं होतं. त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. तो प्रोग्राम पुसला गेला तर पुन्हा बसवणारं कुणी नाही, आणि नोकरी संपली.

बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तलवारी कुठे आहेत बाबा? सुया आहेत. एका डबीत कितीही राहतात."

"चालतंय ते चालू द्यावं. मी आयुष्यभर लोकांचे रेडिओ उघडले. निम्मे रेडिओ मालकांनी आधी स्वतः उघडून बघितले म्हणून माझ्याकडे आले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

पण ती ऐकेना. बाबांनाही ठाऊक होतं, की ही एकदा बोलली की बोलली. रविवारी हॉस्पिटलचं काम नसे, म्हणून रविवार सकाळ ठरली. सरांनी नवी सिस्टीम घातलेला पेनड्राइव्ह टपालाने पाठवला होता. आदल्या दिवशी तिने स्वतःच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. जुन्या सिस्टीमची डिस्कवरची जागा कमी करून नवीसाठी जागा मोकळी केली. इथवर सगळं बोलत्या आवाजाच्या सोबतीने झालं, तरी प्रत्येक 'हो'च्या आधी ती हात मांडीवर पुसत होती.

रविवारी बाबांना शेजारी खुर्ची दिली. सरांनी बजावलं होतं, की पेनड्राइव्हवरून सुरू करताना स्क्रीनवर येणारी पहिली निळी पाटी बोलणार नाही, ती कुणीतरी वाचून दाखवावी लागेल. तेवढं बाबांनी वाचलं. ती सांगेल ते शोधत, एकेक शब्द लावत. पेनड्राइव्ह सुरू झाला. आता नवी सिस्टीम बोलायला हवी होती. बटणांची जी जोडी दाबायची ती तिने दाबली आणि वाट पाहिली. पुन्हा दाबली. आतला पंखा फिरत होता, एवढाच आवाज.

तिने सरांना फोन लावला.

"काही कॉम्प्युटरांत होतं असं," सर म्हणाले. "आवाजाचा एखादा तुकडा पेनड्राइव्हवर नसतो. नंतर नेटवरून येतो. तुमच्याकडे वाचणारं आहे ना कुणी?"

"बाबा आहेत."

"मग होईल. एकच लक्षात ठेवा. एक पाटी येईल, तिथे विचारतील कशी बसवू म्हणून. 'शेजारी' हा शब्द कानावर पडल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. जुन्याच्या शेजारी बसवा. दुसरा पर्याय असतो सगळं पुसण्याचा. आणि बहुतेक वेळा तोच आधी निवडलेला असतो."

सरांना तेवढ्यात कुठेतरी निघायचं होतं. तासाभराने करतो म्हणाले. तिने फोन ठेवला. थांबावं का? पण पुढच्या रविवारीही हीच खुर्ची, हेच बाबा आणि हाच पंखा असणार होता. तिने पुढे जायचं ठरवलं.

भाषा, की-बोर्ड, नेट. पाटीमागून पाटी गेली. बाबा वाचत, ती बाणाची बटणं दाबी, बाबा "हं, आता त्याच्यावर आलं" म्हणत. नमनालाच घडाभर तेल जात होतं. बाबांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. घाबरले की ते मोठ्याने बोलत.

मग ती पाटी आली.

"हां. इथे लिहिलंय, नवी सिस्टीम बसवा," बाबा म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. वरच्या ओळीत. उजव्या टोकाला गोल ठिपका आहे. तेच निवडलेलं आहे. दाब."

"'शेजारी' असं कुठे लिहिलंय का?"

"नाही बुवा."

"खाली?"

"खालीसुद्धा तसंच काहीतरी आहे. बसवा, बसवा. सगळीकडे बसवाच आहे. अगं, तो माणूस म्हणाला ते दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरचं असेल. पहिलंच आहे, दाब आणि मोकळी हो."

तिचं बोट एंटरवर होतं. बाबा इतक्या ठामपणे सांगत होते, की नाही म्हणायला तिच्याजवळ काही कारण नव्हतं. त्यांना दिसत होतं, तिला नाही. लहानपणापासून हा हिशेब असाच चालत आला होता. रस्ता ओलांड म्हटलं की ओलांडायचा.

पण तिचा डावा हात पोळत होता. मनगटापासून कोपरापर्यंत ऊन पडलं होतं. खिडकी तिनेच सकाळी उघडली होती, वारं यावं म्हणून. पडदा ओढायचं तिच्या कधी लक्षात येत नसे, येण्याचं कारणच नव्हतं. हातावर ऊन आहे म्हणजे टेबलावर आहे. टेबलावर आहे म्हणजे...

"बाबा, स्क्रीनवर ऊन पडलंय का?"

बाबांची खुर्ची करकरली.

"डाव्या बाजूला?"

"थोडं असेल."

"पडदा ओढा ना."

खुर्ची मागे सरकली. कड्या दांडीवरून खरखरत गेल्या. तिच्या हातावरचं ऊन निघून गेलं. बाबा येऊन बसले. आणि तरीही ते वाचेनात. आता ऊन नव्हतं, आणि बाबा वाचत नव्हते. एंटरवरचं बोट तिने हळूच उचललं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"बाबा, ओळीची सुरुवात काय आहे?"

"जरा पुसट आहे."

"स्क्रीन पुसू?"

"स्क्रीन नाही गं," बाबा म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "उजवीकडचं दिसतं. डावीकडचं आपलं अंदाजाने घेतो मी. थांब, भिंग आणतो."

ते मागच्या खोलीत गेले. बरण्या वाजल्या. ती एकटी त्या गप्प कॉम्प्युटरसमोर बसून राहिली, आणि मघापासून जी भीती कॉम्प्युटरसाठी होती ती सगळी तिथून उठून बाबांच्या मागे गेली. डावीकडचं अंदाजाने. डोळ्यांच्या विभागाचे रिपोर्ट तिनेच टाइप केले होते, शेकड्यांनी. कडेचं दिसत नाही, जिन्याची पायरी चुकते, कपात ओतताना बाहेर सांडतं, पेशंटच्या फार उशिरा लक्षात येतं. बाबांचा चहा हल्ली बशीत जास्त असे. हात थरथरतो म्हणून असेल, असं तिने धरून चाललं होतं.

बाबा भिंग घेऊन आले. रेडिओतले बारीक डाग बघायचं, हाताएवढ्या दांडीचं. मान पुढे काढून त्यांनी एकेक अक्षर वाचलं.

"स-ग-ळी. सगळी. डि-स्क. सगळी डिस्क. पु-सू-न." ते थांबले. "सगळी डिस्क पुसून नवी सिस्टीम बसवा."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी दाब म्हणत होतो," बाबा म्हणाले.

"दाबलं नाही ना. खालची ओळ वाचा."

"जु-न्या सिस्टीमच्या शे-जा-री."

तिने खालचा बाण दाबला. "ठिपका हलला?"

"हलला."

"पुन्हा वाचा. पहिल्यापासून."

बाबांनी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि बाबा एकदाही कुरकुरले नाहीत, याचाच तिला जास्त धसका बसला. मग तिने एंटर दाबलं.

पुढचा वेळ नुसता वाट पाहण्यात गेला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी कितपत भरली, ते बाबा भिंगातून बघून सांगत. ती एकच गोष्ट विचारायचं टाळत होती आणि शेवटी न राहवून तिने विचारलंच.

"किती दिवस झाले बाबा?"

"दिवस कसले. हिवाळ्यापासून असेल."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? घरात दोन माणसं. एकाला दिसतंय एवढं एक बरं होतं."

तिने फोन घेऊन डोळ्यांच्या विभागातला मंगळवारचा नंबर लावला. बाबांनी अडवलं नाही.

सरांचा फोन आला तोवर नवी सिस्टीम बसली होती, पण मुकीच होती. सर सांगत गेले तशा ओळी तिने न ऐकता टाइप केल्या, बाबांनी उत्तरं वाचली. नेटवरून तो राहिलेला तुकडा आला. पुन्हा चालू केल्यावर एका बाईचा स्वच्छ आवाज म्हणाला, "नमस्कार." बाबा दचकले. मग सरांनी आणखी एक ओळ सांगितली. ती टाकल्यावर, सुरुवातीची ती मुकी यादी आली की कॉम्प्युटर दोन सूर पिपाणीसारखे वाजवणार होता. यादीला बोलता येत नव्हतं, निदान आलेय म्हणून हाक मारता येणार होती. सूर वाजले की जुनीसाठी खालचा बाण, नवीसाठी काहीच नाही.

आता जुनी सिस्टीम शाबूत आहे का ते बघायचं होतं. बंद, चालू. दोन सूर. खालचा बाण, एंटर. बराच वेळ काही नाही. मग तो नेहमीचा अडाणी आवाज उठला, आणि त्याने तिचं स्वागत इतक्या चुकीच्या उच्चारात केलं, की तिला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलचा प्रोग्राम तिला आत घेईना. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी "प्रवेश नाकारला". तिने तीनदा करून पाहिलं. नोंदणी विभागाच्या मॅडमचा फोन आला.

"टकटकताई, तातडीच्या फाइली पडून आहेत. कुठे आहात?"

"इथेच आहे मॅडम. आत जाता येत नाहीये."

"बाकी सगळे आत आहेत. काल काही केलंत का कॉम्प्युटरला?"

ती खोटं बोलू शकली असती. "केलं," ती म्हणाली. "दुसरी सिस्टीम बसवली."

मॅडम सुस्कारा टाकून म्हणाल्या, "फाइली दुसऱ्या बाईंना देते. दुपारपर्यंत बघा. नाहीतर मला वरती सांगावं लागेल."

दोन दगडांवर पाय ठेवला, आता भोगा. किती वाजले ते पाहावं म्हणून तिने घड्याळाचं बटण दाबलं, आणि आवाज म्हणाला, पहाटेची वेळ आहे. खिडकीखाली शाळेची बस हॉर्न देत होती. तिने पुन्हा बटण दाबलं. पहाटच.

सरांना फोन लावल्यावर ते ओशाळून म्हणाले, "हे सांगायचं राहिलंच ताई. कॉम्प्युटरात घड्याळ एकच असतं. जुनी सिस्टीम त्यात आपल्या गावची वेळ आहे असं समजते, नवी समजते जगाची प्रमाणवेळ. काल नवीने तिच्या समजुतीप्रमाणे ते लावून टाकलं. तुमचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं, वेळ जुळत नाही म्हणून हॉस्पिटलचा प्रोग्राम आत घेत नसेल." नव्या सिस्टीमला जुनीच्या पद्धतीने वेळ ठेवायला सांगणारी एक ओळ होती. ती टाकली, जुनीत येऊन घड्याळ लावलं, आणि प्रोग्रामने मुकाट्याने तिला आत घेतलं. मॅडम बोलायचं ते बोलल्या. यापुढे आधी विचारायचं, एवढ्यावर निभावलं.

मंगळवारी ती बाबांना घेऊन गेली. तपासणीच्या खोलीत बाबांनी तिला येऊ दिलं नाही. "बस तू बाकावर. लहान मूल आहे का मी?" बाहेर आले तेव्हा हातात थेंबांच्या बाटल्या होत्या. "वय झालं म्हणाले. थेंब टाका म्हणाले. घरी चल."

दुसऱ्या दिवशी तिच्या रांगेत जी फाइल आली ती जांभई देणाऱ्या डॉक्टर बाईंची होती. बाई म्हणाल्या, पुरुष, वय एकाहत्तर, व्यवसाय रेडिओ दुरुस्ती.

तिची बोटं थांबली. नातेवाइकाची फाइल परत पाठवायची असा नियम होता. तिने रेकॉर्डिंग थांबवलं. मागच्या खोलीत बाबा कुणाच्या तरी मिक्सरशी झटापट करत होते. तिने रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डावा पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नियमित टाकल्यास उरलेली टिकण्याची शक्यता चांगली. दर तीन महिन्यांनी तपासणी. मग बाईंनी जांभई आवरली, आणि त्यांचा आवाज जरा बदलला. पेशंटची मुलगी अंध आहे. आजाराचं स्वरूप मुलीला कळवू नये, अशी पेशंटची विनंती आहे.

ते वाक्यही तिने टाइप केलं, आणि रिपोर्ट पाठवून दिला. मग मॅडमना फोन करून फाइल बाबांची होती असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी परत करा. थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा फोन करून विचारलं, "बरे आहेत ना बाबा?"

मागच्या खोलीत जाऊन ती दाराशी उभी राहिली.

"बाबा, तुमचा रिपोर्ट माझ्याकडेच टाइपिंगला आला."

स्क्रू फिरवण्याचा आवाज बंद झाला.

"सगळा?" बाबांनी विचारलं.

"शेवटच्या ओळीपर्यंत."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "जगात एवढे टाइपिस्ट. नेमका तुझ्याकडेच यायचा होता." मग हळू आवाजात, "तुला त्रास नको होता मला द्यायचा. तू आधीच..."

"मी आधीच काय? मला सवय आहे बाबा. तुम्हाला नाहीये. भीती मला त्याची वाटते."

थेंबांच्या वेळा तिने स्वतःकडे घेतल्या. सकाळ-संध्याकाळ ती हाक मारी, बाबा मान वर करून बसत, बाटली तेच धरत, कारण थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे त्यांनाच कळे. तपासण्या होत राहिल्या. नजर होती तिथे टिकली. पण ते कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं, आणि दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नसे. दुपारचे दोन तास ती नव्या सिस्टीममध्ये बसून सरांच्या आवाजाचे 'च' आणि 'ज' सुधारी. कॉम्प्युटर चालू करून सूर वाजेपर्यंतची ती काही क्षणांची शांतता तिला अजूनही जड जाई.

एका दुपारी तिने बाबांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"दिसतंय तोवर शिकून घ्या," ती म्हणाली.

"या वयात?"

"याच वयात. डोळे मिटा. हाताखाली दोन बटणांवर बारीक उंचवटे आहेत, ते शोधा. तिथे अंगठ्याशेजारची बोटं."

बाबांनी डोळे मिटले की नाही ते तिला दिसत नव्हतं, पण त्यांचा श्वास जड झाला तेव्हा मिटले असावेत असं तिने समजून घेतलं. खरखरीत बोटं की-बोर्डवर चाचपडत राहिली. मग एक बटण दाबलं गेलं, त्यापाठोपाठ आणखी दोन, आणि तो बाईचा आवाज काहीतरी लांबलचक बोलून गेला.

बाबांनी हात झटकन मागे घेतले. "काही पुसलं का गं मी?"

"नाही," ती म्हणाली. "अजून तरी नाही. परत ठेवा बोटं."